‘बोल मोप’: पंचेचाळीस फेऱ्यांच्या नोंदी

४ मार्च

एक रॅप गाणं आणि त्याचा व्हिडिओ करतोय, कामाचं नाव सध्या नुसतं ‘तबकडी’. आम्ही चौघं: एमसी (लिहिणार तीच, म्हणणार तीच), बीटवाला, चित्रं काढणाऱ्या ताई आणि मी. कॅमेरा, एडिट आणि ही वही माझ्याकडे.

सुरुवात एका आवाजापासून झाली. बीटवाल्याकडची एक जुनी सात इंची तबकडी वाजून संपली, सुई शेवटच्या बंद खाचेत जाऊन बसली आणि ती उचलायला कुणी उठलं नाही. टक… टक… टक. फेरीला एक. आम्ही गप्पा थांबवून तेच ऐकत बसलो. सवयीने त्याची बोटं टेबलावर चालू झाली: एक ठोका टकावर, एक दोन टकांच्या मधोमध. मिनिटाला ४५ फेऱ्या, म्हणजे ४५ टक, म्हणजे ठोके ९०. बूम-बॅपचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या हिप-हॉपचा, हा अगदी घरचा वेग.

४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आर.सी.ए. व्हिक्टरने १९४९ मध्ये आणली. एका बाजूला एक गाणं, तिचं नाव ‘सिंगल’. आपण आज फाइल अपलोड करतो आणि तिलाही सिंगलच म्हणतो.

टक रेकॉर्ड केला, २४ बिटमध्ये. गाण्याचा एकही सूर घेतलेला नाही, फक्त रिकामी खाच आणि धूळ. गाण्याचा तुकडा उचलला तर दोन परवानग्या लागतात, रचनेची वेगळी आणि ध्वनिमुद्रणाची वेगळी. त्या भानगडीत पडायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं.

९ मार्च

बीट उभी राहिली. किक (खालचा जड ठोका) ८०८ या जुन्या ड्रम मशीनच्या जातीची, लांब शेपटीची. स्नेअर (वरचा कडक ठोका) म्हणजे टेबलाचा खण जोरात ढकलल्याचा आवाज, वर थोडा टाळीचा थर. हॅट (झांजेची बारीक टिकटिक) अजून ठरत नाहीत.

एमसीचं म्हणणं, ९० वर झोप येते. वेग ९४ केला. टक आता ठोक्यावर बसेना, तर बीटवाल्याने तो कापून जागोजागी चिकटवला. मला तेव्हाच कसंतरी वाटलं होतं. बोललो नाही.

१६ मार्च

आवाजाचं रेकॉर्डिंग झालं. १६-१६ बारची दोन कडवी (चार ठोक्यांचा एक बार), आठ बारचा हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ. हुक असा: ‘कितीही सांग, ऐकतंय कोण’. मोठ्या बाता मारणाऱ्यांची टर उडवणारं गाणं आहे, आणि रॅपमध्ये मोठ्या बाता मारायच्याच असतात, त्यामुळे टर स्वतःचीही उडते. दुसरं कडवं जोरदार झालंय.

२२ मार्च

व्हिडिओची बैठक. पहिल्या तासात सुचलं ते सगळं आधी शंभरदा पाहिलेलं: भिंतीसमोर घोळका, खालून धरलेला कॅमेरा, लेन्सकडे आलेले हात. वाईट नाही, पण आमचं त्यात काय?

मग माझं लक्ष टर्नटेबलच्या थाळीच्या कडेवरच्या ठिपक्यांकडे गेलं. वेग बरोबर असला की बाजूच्या लुकलुकत्या दिव्यात हे ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. थाळी फिरतेय आणि ठिपके स्थिर. दिव्याच्या जागी कॅमेरा आणि ठिपक्यांच्या जागी चित्रं ठेवली तर?

कल्पना नवी नाही. जोसेफ प्लातो या बेल्जियन शास्त्रज्ञाने १८३२ मध्ये चित्रांची फिरती चकती केली होती. फटीतून पाहिलं की नाचणारा माणूस नाचायचा. सिनेमा यायला अजून साठेक वर्षं होती.

हिशोब मांडला. ४५ फेऱ्या मिनिटाला, म्हणजे सेकंदाला पाऊण फेरी. कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम. २४ भागिले ०.७५, बरोबर ३२. चकतीवर ३२ चित्रं समान अंतरावर काढली तर प्रत्येक फ्रेमला चकती एकेक घर पुढे सरकेल आणि कॅमेऱ्याला प्रत्येक जागी पुढचं चित्र दिसेल. साध्या डोळ्याला राखाडी धूसर, कॅमेऱ्याला ॲनिमेशन.

(मोठ्या तबकडीच्या ३३⅓ फेऱ्यांवर २४ फ्रेमचा मेळ बसत नाही, ४३.२ चित्रं येतात. २५ फ्रेमला मात्र नेमकी ४५. हे नुसतं लिहून ठेवतो, पुढे कधी कामाला येईल.)

आणि मग खरी गंमत. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक ठोका म्हणजे १६ फ्रेम. एक फेरी म्हणजे दोन ठोके. एक बार म्हणजे दोन फेऱ्या. बारचा सोळावा भाग म्हणजे चार फ्रेम. अपूर्णांक कुठेच नाही! ९४ ला ठोका १५.३२ फ्रेमचा होतो. चकतीवर गाणं म्हणणारं तोंड काढलं, तर ते दर फेरीला जवळजवळ दीड फ्रेम मागे पडेल आणि आठ बारच्या हुकअखेर सुमारे २२ फ्रेमनी चुकेल.

मी वही तिघांसमोर ठेवली. बीटवाला हसला. एमसी हसली नाही.

२३ मार्च

भांडण. स्वाभाविक आहे, तिचे दोन दिवस गेलेत.

आधी सॉफ्टवेअरने तिचा आवाज ९४ वरून ९० वर ताणून पाहिला. चार टक्क्यांचाच फरक, पण ‘ट’, ‘क’ यांची धार जाते आणि श्वास ओले झाल्यासारखे वाटतात. तिने दहा सेकंद ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. “दादा, हा माझा आवाज नाही. मी परत म्हणते. पण मग हुकसुद्धा बदलते, तोही मला तेवढा आवडलेला नाही.”

हुक बदलायचं खरं कारण ताईंनी दिलं. चकतीवर तोंड काढायचं, तर ओठांना काही काम हवं ना? ‘कितीही सांग, ऐकतंय कोण’ आरशासमोर म्हणून पाहा, म्हणाल्या. पाहिलं. ओठ एकदाही मिटत नाहीत. सगळं जिभेचं आणि घशाचं काम. चित्रात ते जांभई दिल्यासारखं दिसेल.

२९ मार्च

सहा दिवस हुकवर. अट अशी की वाक्य दोन ठोक्यांत संपलं पाहिजे, कारण चकतीची फेरी दोन ठोक्यांची आहे. आणि ओठ मिटले पाहिजेत.

एमसीने वर्णमालेचा तक्ता भिंतीला लावला. क-वर्ग कंठात, च-वर्ग टाळूवर, ट-वर्ग मूर्ध्यावर, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांवर. शाळेत पाठ केलेला हा क्रम घशाकडून ओठांकडे येतो, हे रॅपच्या निमित्ताने पहिल्यांदा नीट कळलं. पंचवीस व्यंजनांपैकी बाहेरून स्पष्ट दिसणारी शेवटची पाचच: प, फ, ब, भ, म.

पहिला खर्डा ‘बोंब मार, बोंब मार’. ओठांना झकास, अर्थाला शून्य. मग दोन दिवस नुसत्या याद्या. बाप, भोपळा, मामुली, पोपट. काल रात्री तिचा मेसेज आला, चारच शब्द:

बोल मोप, माप काय?

चार शब्द, चार अक्षरांसारखे उच्चार, प्रत्येकाला अर्धा ठोका. प्रत्येक शब्दाला चकतीवरची आठ घरं. ‘काय’ सोडला तर प्रत्येक शब्दाच्या तोंडाशी ओठ मिटतात. आणि अर्थ आधीच्या हुकपेक्षा धारदार. ‘मोप’ म्हणजे भरपूर, तिच्या आजीच्या बोलण्यातला शब्द. ‘माप’मुळे दुसऱ्या कडव्यात नवी ओळ आली: ‘मापं काढतोस दुसऱ्यांची, तुझी पट्टी कुणाची?’ गाण्याचं नावही बदललं. ‘बोल मोप’.

२ एप्रिल

९० वर नव्याने रेकॉर्डिंग. आता झोप येत नाही, कारण ती शब्द ठोक्याच्या किंचित मागे टाकते. टक पुन्हा आपल्या मूळ जागी, एकही काप न देता.

बीटवाल्याने हॅटना ५८ टक्के स्विंग दिलाय. म्हणजे प्रत्येक दुसरा सोळावा भाग थोडा उशिरा पडतो, आठऐवजी सव्वाआठला येणाऱ्या मित्रासारखा. ही सोय रॉजर लिनने १९८० च्या एलएम-१ ड्रम मशीनमध्ये आणली, पुढे एमपीसी या बीट बनवायच्या यंत्रातही त्याचीच. माझा प्रश्न: ५८ टक्के म्हणजे ४.६४ वी फ्रेम. अर्धवट फ्रेम मी कुठून आणू? ठरलं असं की चित्रं सरळ चालतील आणि आवाज लंगडेल. दोघांतल्या फटीतच मजा आहे असं बीटवाला म्हणतो. पडद्यावर पाहिल्याशिवाय मान्य करणार नाही.

६ एप्रिल

तोंडाचं शूटिंग, चकतीसाठी नव्हे, संदर्भासाठी. एमसीचं फक्त नाकाखालचं तोंड चौकटीत, कानात ९० चा क्लिक, आणि ती हुक म्हणतेय. पंधरा वेळा. त्यातली सर्वांत स्वच्छ फेरी निवडून ३२ फ्रेम छापल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या.

मी गृहीत धरलं होतं की ‘बोल’चा मिटलेला ओठ घर १ वर येईल, ठोक्याबरोबर. तसं नाही. घर १ वर ओठ आधीच उघडून गोल झालेले. मिटलेले ओठ ३१ आणि ३२ वर, म्हणजे आदल्या फेरीच्या शेपटीत. ठोक्यावर पडतो तो स्वर, व्यंजन त्याच्या आधी उरकलेलं असतं. ती चुकत होती असं नाही. पंधराही वेळा तसंच, आणि मी म्हणून पाहिलं तर माझंही तसंच. ठोक्यावर म्हणणं म्हणजे ठोक्याच्या आधी ओठ मिटणं.

दुसरी गोष्ट ताईंनी पकडली. ‘मोप, माप’ म्हणताना ‘प’ आणि ‘म’ एकाच मिटलेल्या ओठांत उरकतात. घरं १४, १५, १६ तिन्ही बंद. ‘प’ संपला कुठे आणि ‘म’ सुरू झाला कुठे हे चित्रात दिसतच नाही, फक्त ऐकू येतं. ताईंनी १५ वर ओठ जरा जास्त आवळले. “कुठेतरी जोर दिसू दे,” म्हणाल्या.

११ एप्रिल

पहिली चकती तयार. ३० सेंटिमीटर व्यास, जाड पुठ्ठा, ३२ घरं, प्रत्येक ११.२५ अंशांचं. कोनमापकावर पाव अंश नसतो, तो ताईंच्या डोळ्यावर सोडला.

लावली, फिरवली, रेकॉर्ड केली. तोंड हलतंय, पण काहीतरी भयंकर चुकतंय. शब्द परत गिळल्यासारखे. दहा मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला: थाळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, म्हणजे एखाद्या जागी पुढे येणारं घर हे काट्यांच्या उलट बाजूचं असतं. घरांचे आकडे उलट दिशेने टाकायला हवे होते. आकडे मी टाकले होते. ३२ तोंडं ताईंनी काढली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत, हे बोलण्यापेक्षा वाईट.

ही चकती फेकायची नाही. शेवटी चार बारचा भाग आहे, तिथे तोंड शब्द गिळताना दाखवू.

१५ एप्रिल

दुसरी चकती, बरोबर दिशेची, आणि आता तीन वर्तुळांची.

बाहेर भोंगे घेऊन चालणारी माणसं. ही ३२ नाहीत, ३३ आहेत. चकती एका फ्रेमला एक-बत्तिसांश फेरी फिरते, पण माणसांमधलं अंतर एक-तेहतिसांश, म्हणून प्रत्येक फ्रेमला मिरवणूक किंचित पुढे सरकते. पूर्ण वर्तुळाला १,०५६ फ्रेम. १६ बारचं कडवं १,०२४ फ्रेमचं. म्हणजे कडवं संपताना मिरवणूक जिथून निघाली तिथे पोहोचायला बरोबर एका माणसाची जागा उरते. हे आम्ही ठरवलं नव्हतं, आणि आता कुणी बदलू पाहिलं तर मी भांडेन.

मधल्या वर्तुळात तोंड. आतल्या वर्तुळात जीभ, जी लांबत जाते, तिच्यावर रेघा उमटतात, आकडे येतात, आणि ती शिंप्याची मोजपट्टी होऊन ‘काय’वर फटकन आत जाते. मोजपट्टी ताईंची कल्पना. व्हिडिओचा जीव तिथे आहे.

चकतीच्या वर एक न हलणारा पुठ्ठ्याचा चेहराही केलाय. ओठांच्या जागी खिडकी, खालून तोंडांचं वर्तुळ सरकतं.

१९ एप्रिल

चाचणी. नेहमीचं शटर, सेकंदाचा ४८ वा भाग: चकतीची कड सेकंदाला ७० सेंटिमीटर धावते, तेवढ्या वेळात दीड सेंटिमीटर. चित्र तीन सेंटिमीटरचं. सगळा शिरा. शटर हजाराव्या भागावर नेलं, धूसरपणा एक मिलिमीटरच्या आत आला, पण प्रकाश वीसपट कमी झाला.

मग घरातले सगळे दिवे चकतीवर रोखले. आता काळ्या पट्ट्या. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. लांब शटरमध्ये ते झाकलं जातं, हजाराव्या भागात प्रत्येक फ्रेमला वेगळा तुकडा सापडतो. उपाय एकच, उन्हात जाणं.

२० एप्रिल

गच्ची. ऊन भरपूर. वाऱ्याने पुठ्ठा उचलला, तो दुहेरी टेपने खाली बसवला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिल्यांदा ते तोंड खिडकीत बोललं तेव्हा चौघंही ओरडलो. मग अर्ध्या मिनिटात ओठ हळूहळू गालाकडे निघाले. चाळीस सेकंदांनी पूर्ण गालावर! टर्नटेबलला दोष दिला, पण थाळीचे ठिपके ढिम्म उभे. शेवटी कॅमेऱ्याच्या मेनूत खोल शिरलो. पडद्यावर ‘२४’ लिहिलेलं, पण खरा वेग २३.९७६. रंगीत टीव्हीच्या काळापासून चालत आलेला हा हजारात एकाचा फरक. एरवी कुणाला कळत नाही. आमच्याकडे हजार फ्रेमला बरोबर एक घर सरकतं, आणि हजार फ्रेम म्हणजे जवळजवळ एक कडवं. खरा २४.०० वेगळ्या पर्यायाखाली सापडला. ओठ जागेवर.

२६ एप्रिल

एमसीसह शूटिंग. नुसती चकती असलेले शॉट सोपे: ठोका जुळला नाही तर एडिटमध्ये क्लिप पुढे-मागे करायची. पण जिथे ती आणि चकती एकाच चौकटीत बोलतात, तिथे दोघींची सुरुवात एकाच क्षणी व्हायला हवी.

थाळीच्या कडेला, चौकटीबाहेर, पांढरी चिकटपट्टी लावली. पट्टी माझ्या बोटासमोरून गेली की गाणं सुरू. हिप-हॉपच्या सुरुवातीच्या काळातला डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश तबकड्यांवर क्रेयॉनने खुणा करायचा, म्हणजे ब्रेक (गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा) कुठे सुरू होतो आणि किती फेऱ्या मागे यायचं ते डोळ्यांना दिसे. त्याच्याआधी डीजे कूल हर्कने ११ ऑगस्ट १९७३ च्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या त्या गाजलेल्या पार्टीत नाचणाऱ्यांचा जीव ब्रेकमध्ये आहे हे ओळखलं, आणि पुढे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो ब्रेक लांबवत नेला. पन्नास वर्षांनी आम्ही तबकडीला खूण करतोय ती पुठ्ठ्याचं तोंड वेळेवर उघडावं म्हणून. चालायचंच.

माझं बोट दोनदा उशिरा. तिसऱ्यांदा जमलं, आणि एकदा जमलं की पूर्ण हुक जमतो, दोन्ही यंत्रं हटत नाहीत. अडचण वेगळीच निघाली: ॲनिमेशन फक्त मॉनिटरवर दिसतं, म्हणून ती सारखी तिकडे पाहत होती. मॉनिटर कापडाने झाकला. “मग मी कुणाशी बोलतेय?” “राखाडी धुक्याशी.” तिने खरंच तसंच म्हटलं, थोडं चिडून. तोच टेक घेतला.

शेवटचा शॉट: ती हाताने चकती थांबवते. वेग उतरताना तोंडं आधी उलटी पळतात, मग थरथरतात, आणि हात घट्ट बसला की ३२ तोंडं गोलाकार स्तब्ध. काही मिटलेली, काही आ वासलेली. एका टेकमध्ये मिळालं.

३ मे

एडिट. एकूण ५६ बार, ३,५८४ फ्रेम, ११२ फेऱ्या, दोन मिनिटं एकोणतीस सेकंद. कट फक्त फेरीच्या सुरुवातीला, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि दुसऱ्या कडव्यात दोनदा मोडला.

स्विंगबद्दल बीटवाला बरोबर होता. मिरवणुकीची पावलं काटेकोर पडतात आणि हॅट उशिरा येतात, त्यामुळे भोंगेवाले उगाच तोऱ्यात चालल्यासारखे दिसतात. गाण्याला तेच हवं होतं.

१० मे

मिक्स, मास्टर. एकंदर पातळी -१४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी जोराचं माप) आसपास, शिखर -१ डेसिबलच्या खाली. किकची शेपटी थोडी कापली, आवाज मोकळा झाला. आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, मिळाला. याहून सांगण्यासारखं काही नाही.

१७ मे

गाणं आणि व्हिडिओ बाहेर. बीटवाल्याला सुचलंय की चकतीचं चित्र सगळ्यांना छापायला द्यावं, ज्याच्याकडे टर्नटेबल आहे त्याने स्वतःच्या फोनने पाहावं. मी लगेच करून पाहिलं. नुसता चिखल. फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतात, आणि ३० भागिले ०.७५ म्हणजे ४०. आमच्या चकतीवर ३२.

ताईंना फोन केला. बराच वेळ पलीकडून काही नाही. मग, “आकडे या वेळी मी टाकणार.”

संध्याकाळी गेलो तर नवा पुठ्ठा कापून तयार. चाळीस घरं, प्रत्येकी नऊ अंश, या वेळी पाव अंशाची कटकट नाही. शब्दाला दहा घरं. आकडे काट्यांच्या उलट दिशेने, दोनदा तपासलेले. सुरुवात त्यांनी मिटलेल्या ओठांपासून केली होती: घर ३९, घर ४०.